रात्रीचा जिना आणि घरातलं लहान मूल

मी सुतार आहे. जिने, कठडे आणि लहान मुलांसाठीची सेफ्टी गेट बसवणं हे माझं रोजचं काम. गेट बसवून द्या म्हणून कुणी बोलावलं की जिन्याचं माप घेण्याआधी मी विचारतो, मूल रात्री झोपतं कुठे आणि जाग आली की कुणाकडे जातं? आईबापांना हा प्रश्न जरा विचित्र वाटतो. पण दिवसा मूल जिन्याकडे वळलं तर कुणाची ना कुणाची नजर असते. रात्री झोपायच्या आधी तुम्ही जे लावून, बंद करून ठेवलं असेल तेवढंच त्याला अडवणार. शिवाय रात्री उठलेला मोठा माणूसही धड जागा नसतो. गाढ झोपेतून उठल्यावर डोकं पुरतं ताळ्यावर यायला काही मिनिटं जातात, आणि मूल रडलं की आपण नेमके त्याच मिनिटांत जिन्यावर असतो.

म्हणून रात्रीसाठीची कुठलीही व्यवस्था मी एकाच कसोटीवर घासून बघतो. अर्धवट झोपेत, मंद उजेडात, एका हाताने ती नीट वापरता येते का? येत नसेल तर ती दोन दिवस वापरली जाईल आणि मग उघडीच राहील.

सुरुवात खोलीच्या दारापासून

जिन्याच्या तोंडाशी लावलेलं गेट ही शेवटची अडवणूक. तिच्याआधी एक हवी, ती खोलीच्या दारात. मूल कठड्याच्या कॉटमध्ये झोपतं तोवर कॉटच त्याला धरून ठेवते. पण गादी सगळ्यात खालच्या खाचेत नेल्यावरही मूल कठड्यावर पाय टाकायला लागलं की तिचं काम संपलं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना यासाठी एक माप सांगते. मुलाची उंची ८९ सेंटीमीटरला पोचली, किंवा कठड्याची उंची मुलाच्या उंचीच्या पाऊण पटीहून कमी भरायला लागली, की कॉट बदला. ज्या दिवशी मूल साध्या पलंगावर किंवा खाली गादीवर झोपायला लागेल, त्याच दिवशी खोलीच्या दाराला गेट हवं, कारण आता ते अंधारात आपलं आपण उठून चालू शकतं.

मूल तुमच्याच खोलीत झोपत असेल तर गेट तुमच्या दाराला. दाराच्या चौकटीत बसणारं, दोन्ही बाजूंनी दाब देऊन उभं राहणारं गेट इथे चालतं. फक्त त्याची खालची आडवी पट्टी लक्षात ठेवा, झोपेत तिलाच पाय अडतो. घरात वयस्कर माणसं असतील आणि त्यांचा रात्री बाथरूमला जायचा रस्ता तिथूनच असेल, तर अशी पट्टी नसलेलं गेट लावा. ते त्यांना स्वतःच्या हाताने उघडता येतं का, हे दिवसा दोन-चारदा करून बघा.

गेट नको म्हणून दाराला बाहेरून कडी लावायचा विचार कुणी करत असेल तर कृपा करून करू नका. घरात धूर झाला, आग लागली, तर आत कोंडलेलं मूल आणि बाहेर धडपडणारी माणसं यांच्यात ती कडी येते.

जिन्याच्या वरचं गेट

या बाबतीत मी ग्राहकाचं अजिबात ऐकत नाही. वरच्या बाजूला स्क्रूने पक्कं केलेलंच गेट. दाबाचं गेट मुलाने अंग टाकलं की हळूहळू सरकतं, आणि ते सुटलं तर मूल गेटसकट खाली जातं. गेट उघडावं ते सपाट जागेकडे. जिन्याकडे उघडणारं गेट असेल तर कडेवर मूल घेतलेला माणूस ते ढकलताना स्वतःच पुढे झुकतो. बऱ्याच गेटना ते एकाच बाजूला उघडावं म्हणून एक छोटा अटकाव येतो. लोक तो बसवायचा विसरतात आणि तो पिशवीतच राहतो.

गेट अगदी पहिल्या पायरीच्या कडेवर लावू नका, जागा असेल तेवढं आत घ्या. गेट उघडल्यावर दोन्ही पाय ठेवून नीट उभं राहता आलं पाहिजे. आणि उतरताना आधी गेट मागे लावायचं, मग पाऊल खाली टाकायचं.

बसवताना खरी अडचण भिंतीच्या पायथ्याशी येते. तिथे स्कर्टिंगची पट्टी बाहेर आलेली असते, म्हणून गेटचा खालचा भाग पट्टीला टेकतो आणि वरचा भिंतीपासून सुटतो. अशा वेळी मी भिंतीला गेटच्या उंचीची एक लाकडी पट्टी मारतो, स्कर्टिंगच्या जागी तेवढीच खाच पाडून, आणि गेटच्या बिजागऱ्या त्या पट्टीवर घेतो. वीट-सिमेंटच्या भिंतीत प्लग ठोकून लांब स्क्रू धरतात. पोकळ बोर्डाची भिंत असेल तर बोटांच्या गाठींनी ठोकत मागचं लाकूड शोधायचं आणि स्क्रू त्यातच न्यायचा. नुसत्या बोर्डात गेलेला स्क्रू पहिल्या आठवड्यात घट्ट वाटतो, मग सैल होत जातो. दुसऱ्या बाजूला कठड्याचा गोल खांब असेल तर त्यावर थेट स्क्रू मारू नका. खांबाला पट्ट्यांनी आवळून बसणारी सपाट फळी मिळते, नाहीतर सुताराकडून करून घ्या.

बसवून झालं की मी गुडघा गेटच्या मध्यावर ठेवून अंगाचा भार टाकतो आणि दोन्ही हातांनी हलवून बघतो. तुम्हीही महिन्यातून एकदा हे करा आणि स्क्रू आवळा. रोजच्या उघड-मिटीत ते ढिले होतातच.

मापं अशी. गजांमधलं अंतर ६ सेंटीमीटरपेक्षा जास्त नको, गेटखालची फट ५ सेंटीमीटरच्या आत हवी, आणि उंची मुलाच्या उंचीच्या निदान पाऊण पट. घड्या घालून मिटणारी, चौकटी-चौकटीची जुनी लाकडी गेट कुणी देऊ केली तर घेऊ नका. त्या चौकटींत मुलाचं डोकं अडकू शकतं.

बंद होताना ‘खट्’ असा स्पष्ट आवाज करणारी कडी निवडा. मूल जागं होईल म्हणून लोक बिनआवाजाची मागतात, पण अंधारात गेट लागलं की नाही हे कानालाच कळतं. आपोआप बंद होणारं गेट असलं तरी हाताने एकदा ओढून बघा. आणि गेटवरून टांग टाकून कधीही जाऊ नका. पाय अडकतो तो अडकतोच, वर मूल ते बघून शिकतं.

खालच्या बाजूच्या गेटबद्दल थोडक्यात. मुलाला चढणं आधी जमतं, उतरणं बरंच नंतर. त्यामुळे तुम्ही खालच्या मजल्यावर झोपत असाल तर खालचं गेटही तेवढंच गरजेचं. तिथे दाबाचं चालेल.

कठडा

कठड्याच्या दोन उभ्या गजांमध्ये १० सेंटीमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर तिथून मुलाचं अंग पार होऊ शकतं. पट्टीने मोजा, डोळ्यांवर जाऊ नका. आडवे गज किंवा आडव्या तारा असलेला कठडा मला सगळ्यात जास्त सलतो, कारण मुलासाठी ती आयती शिडी असते. पूर्ण कठडा बदलणं शक्य नसेल तर आतल्या बाजूने पारदर्शक ॲक्रिलिकचा पत्रा किंवा घट्ट ताणलेली जाळी वरपासून खालपर्यंत बांधून घ्या. कठड्याजवळ स्टूल, खेळण्यांची पेटी, चपलांचा रॅक यातलं काही ठेवू नका. रात्री झोपायच्या आधी तेवढा एक फेरफटका मारा, कारण दिवसभरात मुलं काहीतरी ओढून तिथे आणतातच.

उजेड

जिन्यावर रात्री मोठा दिवा लावला म्हणजे झालं, असं बहुतेकांना वाटतं. पण झोपेतून उठून भगभगीत दिव्याखाली आलं की डोळे दिपतात, आणि तो बंद करून पुन्हा अंधारात गेलं की काहीच दिसत नाही. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात. शिवाय दिवा पाठीमागे असेल तर आपलीच सावली पुढच्या पायऱ्यांवर पडते. पांढऱ्या-निळसर उजेडाने मुलाची झोपही उडते.

त्यापेक्षा पिवळसर, मंद आणि पायांच्या उंचीवरचे दिवे घ्या. एक वरच्या पायरीपाशी, एक खाली, आणि जिना वळत असेल तर एक वळणावर. उजेड पायरीच्या कडेवर पडावा, डोळ्यांत येऊ नये. हे तपासायला रात्री घरातले बाकी दिवे बंद करून वर उभे राहा आणि बघा. प्रत्येक पायरीची कड वेगळी दिसते का? दोन पायऱ्या मिळून एक वाटत असेल तर उजेड कमी आहे किंवा दिव्याची जागा चुकली आहे. पहिली आणि शेवटची पायरी खास बघा. सपाट जमीन आली असं वाटून पाऊल चुकतं ते तिथेच. पायरीच्या अगदी टोकालगत वेगळ्या रंगाची, न घसरणारी पट्टी चिकटवली तर मंद उजेडातही कड उठून दिसते. टोकापासून मागे चिकटवलीत तर डोळा तिलाच कड समजतो, ते वाईट.

हालचालीने लागणारा सेन्सरचा दिवा चांगला, पण तो पहिल्या पायरीच्या आधीच लागला पाहिजे आणि मूल घेऊन सावकाश उतरेपर्यंत चालू राहिला पाहिजे. मोठ्या दिव्याचं बटण वर आणि खाली दोन्हीकडे हवं. ते नसेल तर इलेक्ट्रिशियनला सांगून टू-वे स्विच करून घ्या.

या छोट्या दिव्यांबद्दल एक गोष्ट ठासून सांगतो. त्यातले काही बटणाएवढ्या चपट्या सेलवर चालतात. तो सेल मुलाने गिळला तर अन्ननलिकेत अडकून दोन तासांच्या आत आतून भाजू शकतो. ज्याचं सेलचं झाकण स्क्रूशिवाय उघडतं असा दिवा मुलाच्या हाताच्या उंचीवर नको. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट दवाखाना गाठा.

मूल कडेवर घेऊन उतरताना

२०१२ साली ‘पेडिॲट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या १९९९ ते २००८ या काळातल्या नोंदींचा एक अभ्यास आला होता. पाच वर्षांखालची नव्वद हजारांहून जास्त मुलं दरवर्षी जिन्यावरच्या दुखापतींमुळे तिथल्या इमर्जन्सी विभागांत येत होती. एक वर्षाखालच्या मुलांपैकी जवळपास चौथा हिस्सा असा होता, ज्यांना जिन्यावर कुणीतरी उचलून नेत होतं. म्हणजे घेऊन जाणाराच पडला तर गेट, कठडा सगळं असूनही मूल वाचत नाही.

म्हणून आधी रात्रीच्या जिन्यावरच्या फेऱ्याच कमी करा. मूल ज्या मजल्यावर झोपतं तिथेच दुधाची सोय, पाणी, डायपर, कपड्यांचा एक जोड, थर्मामीटर आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध कुलपात, असं सगळं संध्याकाळीच नेऊन ठेवा. तरी जावंच लागलं तर मूल एका हाताने अंगाशी घट्ट, दुसरा हात कठड्यावर, आणि तिसरी कुठलीही वस्तू नाही. फोन नाही, बाटली नाही. मूल असं धरा की स्वतःची पावलं दिसतील. त्याचं पांघरूण खाली लोंबत असेल तर ते खोलीतच ठेवा. पायात नुसते मोजे नकोत, अनवाणी बरं. हात भरलेले असतील तर मुलाला गेटच्या आत ठेवून दोन फेऱ्या करा.

मुलाला उतरायला शिकवायचं ते दिवसा. पालथं व्हायचं, पाय आधी खाली सोडायचे, पोट पायरीला लावून एकेक पायरी घसरत यायचं. तुम्ही कायम त्याच्या खालच्या पायरीवर. एकाआड एक पाय टाकत चढणं साधारण तिसऱ्या वर्षी जमतं, तसंच उतरणं चौथ्याच्या आसपास. तोवर रात्री एकट्याने जिना नाही, कितीही सराईत झालेलं असलं तरी. चाकांचा वॉकर मात्र घरात आणूच नका. वॉकरमधल्या मुलांच्या मोठ्या दुखापती बहुतेक जिन्यावरच्या असतात, आणि कॅनडाने तर २००४ मध्ये त्यांच्या विक्रीवर बंदीच घातली.

झोपेत चालणारं मूल

हे थोड्या मोठ्या मुलांत दिसतं आणि बहुधा रात्रीच्या पहिल्या तिसऱ्या हिश्श्यात, गाढ झोपेत घडतं. जागरण झालं, ताप आला, लघवीला लागली असली की जास्त. अशा मुलाला हलवून जागं करायला जाऊ नका, खांद्याला धरून शांतपणे गादीकडे वळवा. त्याच्या खोलीच्या दाराला एक छोटी घंटी बांधा, आणि जिन्याचं गेट त्याच्या वयाला आता नको असं वाटलं तरी काढू नका. बंक बेडचा वरचा मजला अशा मुलाला अजिबात देऊ नका.

पडलंच तर

लगेच रडलं, उचलून घेतल्यावर शांत झालं, नेहमीसारखं बघतंय, हातपाय हलवतंय, तर जवळ घ्या आणि पुढचे काही तास लक्ष ठेवा. शुद्ध हरपली, पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या, झटका आला, नाक-कानातून रक्त किंवा पाण्यासारखं काही आलं, डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसल्या, किंवा झोपलंय पण उठवून उठत नाही, तर क्षणभरही थांबू नका. मानेला मार असल्यासारखं वाटलं तर हलवू नका, रुग्णवाहिका बोलवा. एक वर्षाच्या आतलं बाळ पडलं असेल तर वरवर ठीक दिसलं तरी डॉक्टरांना दाखवाच.

गेट कधी काढायचं

साधारण दोन वर्षांपर्यंत गेट काम देतं. मूल त्यावर चढायला लागलं किंवा कडी उघडायला शिकलं की त्याचा उपयोग संपतो, उलट उंचावरून पडायची भीती वाढते. माझी नात माझा अंगठा कुठे दाबतो आणि मग गेट कसं उचलतो हे बघत बसायची, आणि एक दिवस तिने दोन्ही हातांनी नेमकं तसंच केलं. त्याच आठवड्यात मी जिन्यावरचं गेट काढलं. त्याच्या जागी तिच्या दाराला घंटी आली, खोलीत पॉटी आली, आणि खोलीपासून आमच्या पलंगापर्यंत मंद दिव्यांची रांग. रात्री जाग आली की आधी हाक मारायची, हे तिला रोज झोपताना सांगत होतो.

काढलेलं गेट दुसऱ्या कुणाला देणार असाल तर स्क्रू, दाबाच्या गेटची टोकं ज्यांत टेकतात ते भिंतीवरचे कप आणि माहितीचा कागद एकाच पिशवीत घालून गेटलाच बांधून द्या. त्यातला एखादा भाग हरवला असेल तर ते वरच्या पायरीसाठी देऊ नका.