ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं? डिस्क बदलण्याआधी हब बघा

आमच्या सात सीटरच्या पुढच्या डिस्क मी दीड वर्षात दोनदा बदलल्या. दोन्ही वेळा उत्तर एकच: "मॅडम, डिस्क वाकल्यात." तिसऱ्यांदा स्टिअरिंग थरथरायला लागलं तेव्हा चाक काढताना मी शेजारी उभीच राहिले. डिस्क निघाली, तर मागे हबच्या (ज्या फिरत्या भागावर डिस्क आणि चाक बसतं त्याच्या) सपाट तोंडावर गंजाचे पापुद्रे. नव्या डिस्क दोन्ही वेळा त्यावरच चढवल्या होत्या!

खरी गोम इथे आहे. डिस्क सहसा वाकतच नाही. गंजाचा एखादा कण मध्ये अडकला की ती केसभर तिरकी बसते, दर फेऱ्याला त्याच जागी तिला चिमटणाऱ्या ब्रेक पॅडला घासते आणि काही हजार किलोमीटरनंतर तिची जाडी जागोजागी कमीजास्त होते. मिलिमीटरच्या एक-दोन शतांश भागाचे खेळ, पण पायाला कळतात.

म्हणून डिस्क काढलीच, तर हब वायर ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासायचा. नव्या डिस्कवरचा तेलकट थर ब्रेक क्लीनरने पुसायचा. मग डिस्क नटांनी घट्ट धरून डायल गेज (डिस्क किती डुगते ते काट्याने दाखवणारं मापक) लावायचा आणि एक पूर्ण फेरा द्यायचा. बऱ्याच गाड्यांत काटा ०.०५ मिमीच्या आत राहायला हवा. तुमच्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल.

पुढचा गुन्हेगार हवेच्या दाबाने नट आवळणारी एअर गन. एक नट कचकचून आवळलेला, शेजारचा ढिला, की हब आणि डिस्कवर असमान ताण येतो. पंक्चर काढल्यावरसुद्धा मी नट आधी हाताने लावते, मग समोरासमोरच्या क्रमाने दोन टप्प्यांत, आणि शेवटचा घट्टपणा ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या टॉर्क रेंचनेच. दुकानात लोक हसतात. हसू देत.

नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर ताशी ६०वरून १०पर्यंत वेग आणायचा, असं आठ-दहा वेळा. पूर्ण थांबायचं नाही. नंतर ब्रेक फारसा न वापरता दहा मिनिटं चालवून डिस्क थंड होऊ द्यायच्या. पॅडचा पातळ थर डिस्कवर सगळीकडे सारखा बसतो तो यानेच.

हाच थर बिघडतो घाट उतरून आल्यावर. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून गाडी सिग्नलला उभी केली, की तिथे पॅडचा ठसा उमटतो. पुढे थोडी जागा ठेवून थांबा, गाडी हळूच पुढे सरकवत राहा. उतारावर मुळात खालचा गिअर टाका. सात माणसं आणि सामान घेऊन ताशी ८०ला धावणाऱ्या गाडीत ४०च्या चौपट ऊर्जा असते, ब्रेकने थांबवलं की तिचा बराचसा भाग उष्णता होऊन ब्रेकमध्येच जातो. आणि तापल्या डिस्कवर पाण्याचा फवारा नको.

पॅड बदलताना कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीच्या) पिना हाताने सरकतात का ते बघा. अडकली असेल तर साफ करून ब्रेकचंच ग्रीस लावा, साधं नको.

ब्रेक न दाबताही थरथर होत असेल तर आधी व्हील बॅलन्सिंग. ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग हलत असेल तर बहुधा पुढच्या डिस्क, सीट हलत असेल तर मागच्या.

आमच्या डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा बरीच जाडी शिल्लक होती, म्हणून तिसऱ्यांदा नव्या घेतल्याच नाहीत. लेथवर घासून घेतल्या, हब साफ केला, गेजचा काटा ०.०३वर थांबला.