विशीतल्या पोट्ट्यांशी घरात जमवायचं कसं: तीन डब्ब्यांची युक्ती

मे महिन्यातला रविवार होता, नागपूरचा उन्हाळा, बाहेर 45 च्या वर, मी पाइप धरून कूलरमध्ये पाणी भरून राहिलो होतो आणि पोरगी बाजूच्या दिवाणावर पडलेली. तिच्या हातातला फोन वाजला. मामाचा. तिने स्क्रीनकडे पाहिलं, नुसतं पाहिलं, पूर्ण वाजू दिला, आणि वाजणं बंद झाल्यावर दोन सेकंदात मेसेज टाकला, "बोला मामा काय झालं". अरे बाप्पा, फोन हातातच होता नं! मी सुरू झालो, तुम्हाला माणसाची किंमत नाही, तुमची पिढीच अशी, अमकं ढमकं, आणि इकडे कूलरची टाकी भरून पाणी हॉलभर. आई आतून म्हणे, "तू कोणता मोठा होता रे, आत्याचं पत्र महिना महिना पडून राहे, शेवटी उत्तर मलाच लिहावं लागे."

फरशी पुसता पुसता डोक्यात आलं की आपण या पोट्ट्यांबद्दल जितक्या तक्रारी करतो त्या सगळ्या एका पोत्यात कोंबतो आणि वर "आजकालची पिढी" लिहून टाकतो. त्यापेक्षा तीन डब्बे करा. पहिला वयाचा, म्हणजे विशीत सगळेच असे असतात, तुम्ही पण होते. दुसरा काळाचा, म्हणजे त्यांच्या वाट्याला जे आलं ते आपल्या वाट्याला आलंच नाही. तिसरा सगळ्यांचाच, म्हणजे जमाना आपल्यासाठीही बदलला पण पावती त्यांच्या नावाने फाडतो. तोंड उघडायच्या आधी डब्बा ओळखायचा, बस. मी वर्षभर करून पाहिलं, अर्धी भांडणं तिथेच विझतात. उरलेल्या अर्ध्यांचं सांगतो.

आधी कोणाबद्दल बोलून राहिलो ते. 1997 ते 2012 मध्ये जन्मलेले म्हणजे जेन झी, ही रेघ अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने ओढलेली आहे, त्यांच्या देशासाठी. आपल्या घरात ही रेघ फार कामाची नाही. तुम्ही असं करा, एक कागद घ्या आणि पोराच्या वयासमोर काय काय घडलं ते लिहा. माझी पोरगी 2003 ची. 2016 मध्ये ती आठवीत, त्याच वर्षी यूपीआय आलं, सप्टेंबरमध्ये जिओ आलं, 8 नोव्हेंबरला नोटबंदी. अकरावीत असताना मार्च 2020 चं लॉकडाऊन. बारावी घरात बसून, आणि 2021 ची बारावीची परीक्षाच रद्द. आता माझा कागद: आठवीत असताना घरात फोन नाही, टीव्ही शेजाऱ्यांकडे. दोन कागद बाजूबाजूला ठेवले की दुसरा डब्बा आपोआप भरते.

आणि हो, एकाच सालचे सगळे पोट्टे सारखे नसतात. माझा भाचा काटोलचा, पोरीपेक्षा एका वर्षाने मोठा, इथे खोली करून एमपीएससी करते, दिवसभर अभ्यासिकेत. 2025 पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, त्याची आधीची तयारी सगळी पर्यायवाल्या पेपरची. त्याचं टेन्शन वेगळं, मिहानमध्ये, म्हणजे विमानतळाजवळच्या कंपन्यांच्या पट्ट्यात, नोकरी करणाऱ्या पोरीचं वेगळं. त्याला जाऊन "तुम्ही जेन झीवाले" म्हटलं तर तो काऊन ऐकेल?

पहिला डब्बा लवकर आटपतो, कारण त्यात करायचं काही नसतेच. उशिरा उठणे, खोलीत पसारा, आईबापाची लाज वाटणे, मित्र म्हणजे सर्वस्व, हे वयाचं. ओळखायचं कसं? घरात म्हातारं माणूस असेल तर त्याला विचारा, तुमची पोलखोल करायला ते टपलेलंच असते. नसेल तर शाळेतल्या जुन्या दोस्ताला चहा पाजा. मी 22 चा असताना फुटाळा तलावावर रात्री उशिरापर्यंत बसून राहायचो आणि घरी येऊन बाबांना काय थापा मारायचो ते आठवलं की पोरगी तर साधी वाटते. या डब्ब्यासाठी एकच नियम ठेवा, रात्री उशीर होणार असेल तर एक मेसेज, कुठे आहे आणि किती वाजता येते. कोणासोबत, काऊन, काय खाल्लं, हे विचारू नका. दोनच प्रश्न असले तर खरं उत्तर मिळते, दहा असले तर दहा थापा.

आता दुसरा डब्बा, खरा माल यातच आहे.

फोनचंच घ्या. आपल्यासाठी फोन म्हणजे शेजाऱ्यांचा पीपी नंबर, फोन त्यांच्या घरी आणि हाक आपल्याला. लग्न ठरल्यावर मी हिला एसटीडी बूथवरून अमरावतीला फोन करायचो, रात्री 11 नंतर पाव रेट म्हणून तेव्हाच, मागे लाइन लागलेली आणि समोरच्या डब्बीत लाल आकडे पळून राहिलेले. घंटी वाजली म्हणजे एकतर आनंदाची बातमी नाहीतर कोणी गेलं. म्हणून वाजला की धावायचं हे आपल्या हाडात बसलं. यांच्या हातात फोन आला तोच मेसेजसकट, आणि आता दिवसभरात वाजणाऱ्या फोनमध्ये लोनवाले, प्लॉटवाले, क्रेडिट कार्डवालेच जास्त. तिच्यासाठी अचानक वाजलेला फोन म्हणजे न सांगता घरात घुसलेला पाहुणा. तेव्हा करायचं काय, तर आधी मेसेज टाकायचा, "5 मिनिटं बोलायचं आहे, कधी करू". आणि बदल्यात आपणही एक अट घालायची. आमच्या घरी ठरलं की एकामागे एक दोनदा वाजला म्हणजे अर्जंट, मग मीटिंग असो नाहीतर बाथरूम, उचलायचाच. पहिल्याच आठवड्यात गोंधळ झाला. आजीला पहिल्या वेळी नीट लागला की नाही हेच समजत नाही, त्यामुळे ती कायम दोनदाच लावते. पोरगी ऑफिसातल्या मीटिंगमधून धावत बाहेर आली, आजी म्हणे, "काही नाही बेटा, सांबार आणतेस का येताना." आजीसाठी मग तीनदाचा नियम केला. (सांबार म्हणजे आपल्याकडे कोथिंबीर, पुण्याच्या वाचकांनी इडली शोधू नये.)

मेसेज लिहिण्याचंही थोडं शिकून घ्या. आपण "ठीक आहे." लिहून पूर्णविराम देतो कारण शाळेत बाईंनी मार्क कापले होते. त्यांना तो पूर्णविराम दार आपटल्यासारखा वाटते. नुसता अंगठा पाठवला तर म्हणतात बाबा चिडले. हसून रडणारा तो पिवळा चेहरा, ज्याला ऑक्सफर्डवाल्यांनी 2015 चा वर्षाचा शब्द म्हणून निवडलं होतं, तो आता काकांचा झाला, पोट्टे हसायला कवटी पाठवतात. मावशीने ग्रुपवर जोक टाकला, पोरीने खाली कवटी टाकली, आणि मावशीचा हिला रडत फोन, "मी काय केलं गं, पोरगी मला मेली म्हणते?" तुम्ही कवटी पाठवायची गरज नाही, कृपा करून पाठवू पण नका, फक्त आली तर घाबरू नका.

मग येते नोकरी. पोरीने पहिली नोकरी अकराव्या महिन्यात सोडली आणि मी दोन दिवस जेवलो नाही. मी 1996 ला सरकारीत चिकटलो, जुनी पेन्शन, म्हणजे एका जागी बसून राहण्याचं आम्हाला बक्षीस होतं. राज्यात 1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्यांसाठी ती बंद झाली, मार्च 2023 चा संप त्यावरूनच. आमच्याच ऑफिसात बाजूबाजूच्या टेबलावर एकाला पेन्शन आणि एकाला नाही, काम तेच. आणि प्रायव्हेटमध्ये तर बसून राहिलं म्हणजे पगार रेंगाळते, वाढते ती उडी मारल्यावर. मग ती काऊन बसेल? "टिकून राहा" हा सल्ला आपल्या नोकरीचा आहे, तिच्या नोकरीचा नाही. त्यापेक्षा बाप म्हणून जे जमते ते करा, कागद सांभाळायला लावा. पीएफचा यूएएन नंबर नोकरी बदलली तरी तोच राहते, पण जुन्या खात्यातला पैसा नव्यात आणला का ते पाहा. नॉमिनी भरला का? जुन्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर आणि शेवटची सॅलरी स्लिप घेतली का? मधल्या महिन्यात कंपनीचा मेडिक्लेम बंद पडते, तेव्हा घरचा आहे का? यात पोट्टे कच्चे असतात आणि आपण बाबूगिरीत पक्के. मी हे सगळं एका फाइलमध्ये लावून दिलं तेव्हा पहिल्यांदा म्हणाली, "ए बाबा, भारी नं." हे "ए बाबा" पण काळाचंच. मी माझ्या बाबांना मरेपर्यंत अहो-जाहो केलं आणि त्यांच्याशी मोजून दहा वाक्यं बोललो असेन. ही अरे-तुरे करते आणि सगळं सांगते. सौदा वाईट नाही.

सगळ्यात अवघड जागा म्हणजे मनाचं. ती "मला अँक्झायटी होते" म्हणाली तेव्हा माझ्या तोंडावर आलंच होतं की आमच्या वेळी असं काही नव्हतं. खोटं आहे भाऊ. माझे मोठेबाबा वर्षभर कोणाशी बोलले नाही, भिंतीकडे तोंड करून बसायचे, आणि घरच्यांनी ठरवलं की बाहेरचं काही झालं, मग लिंबं उतरवणं सुरू. आपल्या शहरात एका चौकाचं नावच पागलखाना चौक, ऑटोवाल्याला आजही आपण हेच सांगतो, मग आपल्या पिढीची जीभ कशी उघडेल! पोट्टे निदान नाव घेऊन सांगतात. त्यात 2021 च्या बॅचला वरून टोमणे, फुकटात पास झाले म्हणून. माझ्या घरी पण हा टोमणा एका लग्नात पाहुण्याने मारला, पोरगी हसली, घरी येऊन रडली.

करायचं काय? समोर बसवून "बोल, काय झालं" विचारू नका, ती चौकशी वाटते. गाडीवर मागे बसवा आणि रात्री अंबाझरी तलावाकडे एक चक्कर मारा. दोघांची तोंडं एकाच दिशेला असली की बोलणं सोपं जाते, का ते मला माहीत नाही पण जाते. हेल्मेटमध्ये ऐकू येत नाही हा भाग आहे, म्हणून मधात चहासाठी थांबायचं, तिथे ती आपोआप पुढे बोलते. आपण उपाय सांगायचे नाहीत, सूर्यनमस्कार तर अजिबात नाही. झोप, जेवण बिघडलेलं दोन-तीन आठवडे दिसलं तर डॉक्टर गाठा, आणि लगेच कोणाशी बोलायचं असेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, 14416, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. हा नंबर फ्रिजवर लिहून ठेवा, तिच्या खोलीत नाही, म्हणजे तो घरातल्या सगळ्यांसाठी आहे हे समजते.

तिसऱ्या डब्ब्याचं एकच काम, आरशात पाहणं. "दिवसभर मोबाइल" हे मी रोज म्हणायचो. एक दिवस तिने माझ्याच फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन डिजिटल वेलबीइंग उघडलं, दिवसात फोन किती वेळ पाहिला ते त्यात दिसते. तिचे 4 तास 20 मिनिटं, माझे 5 तास 10. त्यात ऑफिसच्या वेळातले किती ते मी इथे लिहित नाही. रोख पैसे बाळगत नाही ही तक्रार पण तशीच, पानठेल्यावर खर्र्याचे पैसे मी स्वतः स्कॅन करून देतो. या डब्ब्यातल्या गोष्टींचे नियम करायचे तर सगळ्यांना सारखे करा, जेवताना चारही फोन टीव्हीच्या वर, माझा पहिला.

आणि काही गोष्टी कोणत्याच डब्ब्यात टाकायच्या नसतात. आजीवर खेकसणे, पैशाबद्दल खोटं बोलणे, पिऊन गाडी चालवणे, इथे पिढी-बिढी काही नाही, सरळ खडसवा. डब्बा म्हणजे माफीनामा नाही. फक्त खडसावताना ती एकच गोष्ट बोला, मागचं सगळं उकरू नका.

मामाला पण मी हे सगळं समजावलं, की बाबा रे, आधी मेसेज करत जा. तो आता फोन करत नाही. चार-चार मिनिटांचे व्हॉइस मेसेज पाठवते, खोकला, गाडीचा हॉर्न, मामीशी मधातलं बोलणं सगळं धरून, आणि पोरगी ते दुप्पट स्पीडवर ऐकते.