शपथविधीच्या बॉलला जाताना

दर चार वर्षांनी, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची नोव्हेंबरातली निवडणूक आटोपली की इथे नव्याने आलेल्या कुणाचा तरी मला फोन येतो. "ताई, ऑफिसातल्या एक बाई इनॉग्युरल बॉलला, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीनिमित्तच्या नाचाच्या समारंभाला, चल म्हणतायत. व्हिसावरच्या माणसाला चालतं का?" चालतं. पाहुणा म्हणून जायला नागरिकत्व लागत नाही. मी स्वतः २०१३ साली, ओबामा या पहिल्या कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्षांच्या वेळी गेले तेव्हा नागरिक नव्हते. त्या गर्दीत शेजारी अलाबामाहून आलेल्या एक वयस्क कृष्णवर्णीय बाई उभ्या होत्या. माझ्या पैठणीचा काठ हातात घेऊन त्यांनी विचारलं, हे कुठं विणतात? मी येवल्याचं नाव सांगितलं. मग त्यांनी सांगितलं की त्यांच्या आईला तरुणपणी मत देऊ दिलं नव्हतं, आणि म्हणून त्या एवढ्या लांबून आल्या होत्या. हा देश मला त्या दहा मिनिटांत जेवढा कळला, तेवढा आधीच्या दहा वर्षांत कळला नव्हता. त्यामुळे बोलावणं आलं तर जा, पक्ष कुठलाही असो.

आधी एक घोटाळा दूर करते. शपथविधी वेगळा आणि बॉल वेगळा. शपथ २० जानेवारीला दुपारी बाराला वॉशिंग्टनमध्ये कॅपिटॉलपाशी, म्हणजे संसदभवनापाशी होते. तिची तिकिटं फुकट असतात आणि ती तुमच्या भागातल्या खासदाराच्या ऑफिसातून मिळतात. तिथे फोन करायला आपली माणसं बिचकतात. बिचकू नका. याच संसदभवनात जानेवारी २०२३ मध्ये बेळगावात वाढलेल्या श्री ठाणेदारांनी मिशिगनचे खासदार म्हणून शपथ घेतली आहे. मात्र हवेचा भरवसा नसतो. २०२५ साली कडाक्याच्या थंडीमुळे सोहळा आत, रोटुंडात म्हणजे घुमटाखालच्या दालनात हलवला आणि तिकीट हातात असलेल्या बहुतेकांना तो प्रत्यक्ष पाहता आला नाही.

बॉल संध्याकाळी असतात आणि त्यांना पैसे पडतात. इथे नीट लक्ष द्या. एच-वन, एल-वन, एच-फोर, एफ-वन अशा कुठल्याही व्हिसावर असाल, तर अमेरिकेत राजकीय देणगी देता येत नाही. उमेदवाराला नाही, पक्षाला नाही, बॉल भरवणाऱ्या शपथविधीच्या समितीलाही नाही. ती मुभा नागरिकांना आणि ग्रीनकार्डवाल्यांना. निवडणूक निधीच्या जेवणाचं तिकीट काढलं तरी ती देणगीच धरतात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. "माझ्या नावावर घेतो, तू मला पैसे पाठव" असं कुणी प्रेमाने म्हणालं तरी ठाम नाही म्हणा. दुसऱ्याच्या नावावर देणगी देणं हाही गुन्हाच आहे. आमच्या ओळखीच्या एका मुलाने अशाच एका कार्यक्रमाच्या टेबलाचे पैसे भरले होते. त्याचं ग्रीनकार्ड तेव्हा रांगेत होतं. पैसे परत मिळवून कागद नीट करेपर्यंत वकिलाकडे खेटे घालावे लागले आणि तीन महिने त्या घरात कुणाला धड झोप नव्हती. कुणी स्वतःच्या पैशाने, स्वतःचा पाहुणा म्हणून तुम्हाला नेत असेल तर खुशाल जा. एरवी राज्यांच्या सोसायट्यांचे, म्हणजे त्या त्या राज्याच्या लोकांच्या मंडळांचे बॉल बघा. या संस्था पक्षाच्या नसतात. टेक्सासवाल्यांचा 'ब्लॅक टाय अँड बूट्स' तर प्रसिद्ध आहे, तिथे टक्सीडोखाली, म्हणजे समारंभाच्या काळ्या सुटाखाली, काउबॉय बूट घालतात. अनोळखी माणसाकडून तिकीट मात्र कधीच विकत घेऊ नका.

आता पायांचं. बॉल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर झुंबरं आणि गिरक्या घेणारी जोडपी येतात. प्रत्यक्षात मोठ्या अधिकृत बॉलमध्ये तुम्ही चार-पाच तास खांद्याला खांदा लावून उभे असता. राष्ट्राध्यक्ष मंचावर येतात, दोन शब्द बोलतात, पत्नीबरोबर एक नाच करतात आणि पुढच्या बॉलला निघून जातात. १९९७ साली क्लिंटन यांच्यासाठी चौदा बॉल होते, २००९ साली ओबामांसाठी दहा. एका रात्रीत एवढे, तर एकेकाच्या वाट्याला मिनिटंच येणार. म्हणून नाच येत नाही ही अडचण मुळीच नाही, उंच टाचा मात्र आहेत.

खाण्याची आशा धरू नका. १८६५ साली लिंकनच्या बॉलला जेवणाच्या टेबलांवर अशी झुंबड उडाली की ताटं-पेले फुटले आणि अन्न पायदळी गेलं. आता तसं होत नाही, पण चीजचे तुकडे आणि कच्च्या भाज्यांवर रात्र निघत नाही, शाकाहारी माणसाची तर नाहीच. घरून वरणभात जेवून निघा.

कपड्यांची काळजी बायकांनी करू नये. निमंत्रणावर 'ब्लॅक टाय', म्हणजे औपचारिक पोशाख, असं असलं की बायकांना पायघोळ पोशाख लागतो आणि आपली साडी पायघोळच असते. रेशमी नेसा, पदर पिनांनी पक्का करा, आत थर्मल घाला, आणि निऱ्या दोन बोटं वर घ्या, कारण मेट्रोच्या पायऱ्यांवर बर्फाचा चिखल असतो. कोट घोट्यापर्यंतचा हवा. पुरुषांना बंदगळा शोभतो. नसेल तर टक्सीडो भाड्याने मिळतो, पण जानेवारीत वॉशिंग्टनच्या आसपास तो संपतो, डिसेंबरातच सांगून ठेवा. थंडीची चेष्टा करू नका. १८७३ साली राष्ट्राध्यक्ष ग्रँटच्या बॉलसाठी उभारलेल्या तात्पुरत्या हॉलमध्ये पिंजऱ्यांतले कॅनरी पक्षी गारठून मेले होते आणि लोक ओव्हरकोट घालूनच नाचले.

पुढचा शपथविधी २० जानेवारी २०२९ ला, शनिवारी आहे. गाडी नेऊ नका, रस्ते बंद असतात. बॉल कन्व्हेन्शन सेंटरला असेल तर माउंट व्हर्नन स्क्वेअर स्टेशनला उतरा. फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र न्या, पर्स लहान ठेवा, हातभर बांगड्या टाळा, तपासणीच्या कमानीतून जायचं असतं. शेवटची गाडी किती वाजता ते आधी बघा आणि त्याच्या तासभर आधी कोटाच्या रांगेत उभे राहा. कोट ठेवताना मिळालेल्या बिल्ल्याचा फोनवर फोटो काढून ठेवा. माझा बिल्ला गर्दीत पडला होता, आणि रात्री एक वाजता शेकडो काळ्या कोटांमधून माझा काळा कोट ओळखायला मला तासभर लागला.