सिंथला जास्त कोर दिले तरी आवाज तुटतो? या चुका टाळा

भजनी मंडळाच्या साथीसाठी मी तानपुरा आणि हार्मोनियमचा सॉफ्टवेअर सिंथ (गणिताने आवाज घडवणारा प्रोग्राम) लिहितो आहे. खानापूर तालुक्यातल्या एका सप्ताहात तो पहिल्यांदा लावला. नुसत्या तानपुऱ्यावर सूर स्वच्छ होता. हार्मोनियमचे पाच-सहा सूर एकदम धरले की टक्-टक् सुरू. पखवाजवाले काका म्हणाले, "आवाज फाटतोय की गा!" लॅपटॉपच्या प्रोसेसरला चार कोर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग), आणि सगळा भार एकावरच. काम वाटून द्यायला घेतलं आणि पुढच्या चुका एकेक करून केल्या.

सर्वांत महाग पडते ती सरासरी वेळेवर समाधान मानण्याची चूक. सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने (क्षणाक्षणाच्या किमती) आणि एका खेपेला १२८ नमुन्यांचा ब्लॉक असेल, तर प्रत्येक ब्लॉकसाठी जेमतेम २.६७ मिलिसेकंद मिळतात. हजार ब्लॉक वेळेत झाले आणि एक चुकला, तरी कानाला तोच खटकतो. आमच्याकडे दोरीवर भातलावणी करताना शेवटच्या बाईची पात पुरी झाल्याशिवाय दोरी सरकत नाही. इथेही सगळे थ्रेड (प्रोग्रामचे एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) सर्वांत मागे राहिलेल्यासाठी थांबतात. म्हणून सर्वांत उशिरा झालेल्या ब्लॉकची वेळ नोंदवा.

प्रत्येक तारेला (म्हणजे घडवायच्या प्रत्येक सुराला) वेगळा थ्रेड देऊ नका. थ्रेडला उठवण्यातच तारेच्या हिशोबाइतका वेळ जाऊ शकतो. सुरुवातीलाच कोरांच्या संख्येपेक्षा एक कमी इतके थ्रेड तयार ठेवा आणि तारांचे गठ्ठे करून द्या.

ध्वनीच्या थ्रेडमध्ये, म्हणजे ब्लॉक वेळेत पुरवणाऱ्या थ्रेडमध्ये, म्यूटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) नको. पडदा रंगवणाऱ्या थ्रेडने कुलूप धरलं आणि नेमकं तेव्हाच ऑपरेटिंग सिस्टीमने त्याला बाजूला बसवलं, तर ध्वनी ताटकळतो. स्लायडरच्या किमती लॉक-फ्री रिंग बफरमधून (कुलपाशिवाय चालणाऱ्या गोल रांगेतून) पाठवा. मेमरी मागणं, फाइल उघडणं, लॉग छापणं हेही तिथे करू नका.

मला सर्वांत जास्त छळलं ते डीनॉर्मल, म्हणजे शून्याच्या अगदी जवळच्या, संख्यांनी. सूर भरात असताना काहीच बिघाड नाही. तार विझत आली की प्रोसेसरचा वापर एकदम चढायचा. शांततेकडे जाणाऱ्या आवाजाला जास्त काम का लागावं? विझताना किंमत इतकी बारीक होते की दशांश चिन्हानंतर ३७ शून्यं येतात, आणि त्याखालच्या फ्लोट (संगणकातल्या दशांश) संख्यांवर बरेच प्रोसेसर फार हळू चालतात. त्यांना थेट शून्य धरण्याची सेटिंग मी लावली होती, पण फक्त ध्वनीच्या थ्रेडमध्ये. ती प्रत्येक थ्रेडची स्वतंत्र असते. कामाच्या प्रत्येक थ्रेडमध्ये ती लावली आणि चढ थांबला.

सगळ्यांनी एकाच बफरमध्ये बेरीज केली तर नमुने हरवतात. प्रत्येक थ्रेडला आपला बफर (नमुने साठवायची जागा) द्या आणि शेवटी ठरलेल्या क्रमानेच मिसळा. फ्लोटच्या बेरजेत क्रम बदलला की शेवटचे बिट बदलतात, मग आधीच्या रेकॉर्डिंगशी ताडून बघता येत नाही. रिव्हर्बला (आवाजाला घुमारा देणाऱ्या भागाला) मिश्रण तयार लागतं, त्यामुळे तो नंतरच. सुपरकोलायडर या ध्वनी-प्रोग्रामिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या, अनेक कोर वापरणाऱ्या सुपरनोव्हा सर्व्हरमध्येही हेच भान लागतं: पॅरग्रुपमधल्या (एकाच वेळी चालवायच्या गटातल्या) नोड्सचा, म्हणजे ध्वनी घडवणाऱ्या घटकांचा, आपसातला क्रम ठरलेला नसतो, म्हणून एकमेकांवर अवलंबून असलेले नोड त्यात एकत्र टाकू नका.

तरीही टक्-टक् राहिली तर एकाच थ्रेडवर, मोठा ब्लॉक घेऊन चालवा. तिथेही आवाज फाटला, तर दोष वाटणीत नाही, तार घडवणाऱ्या कोडमध्ये शोधा.