वर्कबेंच बनवताय? या चुका टाळा, मी सगळ्या करून बसलोय

गॅरेजात बेंच करायचाय म्हटलं की जो तो एकच विचारतो, 'किती वजन पेलेल?' अरे बाबा, वजन तर विटांवर टेकवलेली फळीपण पेलते. बेंच वाया जातो तो हलण्याने. रंधा मारताना जोर आडवा लागतो, आणि नुसते चार पाय नि वर प्लाय असला की सगळं झोपाळ्यागत डुलतं.

माझा पहिला बेंच असाच होता. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीकडनं पॅकिंगच्या पेट्यांचं पाइनवुड स्वस्तात मिळालं, जुलै महिना, बाहेर झड लागलेली, लाकूड हाताला गार लागत होतं, म्हणजे आतून ओलंच, तरी गडबड नडली, एका रविवारात उभा केला, तोही काळे जिप्सम स्क्रू (जिप्सम बोर्डाला मारतात ते) मारून. दिवाळीआधी जुनं दार रंधायला घेतलं तर पायापाशी कट् कट्, दोन स्क्रूंची डोकीच उडाली. हे स्क्रू वाकत नाहीत, सरळ तुटतात. एप्रिलात लाकूड एवढं आकसलं की फेविकॉलने जोडलेली वरची फळी मधोमध तडकली, कारण मी ती चारी बाजूंनी आवळून टाकलेली. लाकूड रुंदीत फुगतं-आकसतं, त्याला हलायला जागा हवीच, म्हणून स्क्रूची भोकं आडवी लांबट करायची.

आता लाकूड आणलं की मधे पट्ट्या घालून वाळायला थर लावतो आणि पावसाळ्यात आणलं असेल तर दिवाळीपर्यंत बोट लावत नाही. घरचे हसतात, हसू देत. पाय 3 बाय 3 इंचाच्या खाली नाही, सांध्याला 10 एमएमचे नट-बोल्ट, दोन्हीकडे वॉशर, महिन्याभराने परत पाना फिरवायचा. मागच्या अंगाला 12 एमएम प्लाय अख्खा मारला की डुलणं बंद. प्लायचं बजेट नसेल तर तिरकी पट्टी तरी मारा. आणि वरती सरळ सॉलिड फ्लश डोअर (आतून भरीव, वरून प्लायचं सपाट दार) टाका, सपाट मिळतं आणि तडकायची भानगड नाही.

बाकीचं पटापट. नुसत्या गुण्यावर (काटकोन तपासायचं हत्यार) विसंबू नका, कर्ण मोजा, 5 बाय 2 फुटांच्या फ्रेमला दोन्ही कर्ण 64.6 इंचाच्या आसपास आणि एकमेकांइतकेच भरले पाहिजेत. गाडी धुतलेलं पाणी जावं म्हणून गॅरेजच्या फरशीला उतार असतो, तेव्हा पाय जागेवर उभे करूनच शेवटचे कापा. उंची हात सोडल्यावर मनगट येतं तिथं, माझी 34 इंच. व्हाईस (लाकूड आवळून धरायचा शिकंजा) पायाच्या बरोबर वर, मधे नाही. चाकं लावायची हौस असेल तर बेंच कशाला, हातगाडीच घ्या.

परवा इंदिरानगरचा एक पोरगा आला, 'काका, शनिवार-रविवारात होईल ना?' म्हटलं लाकूड कधी आणलंस? म्हणे आत्ताच, टेम्पो खाली उभाय. ताडपत्रीवरनं पाणी गळत होतं.