मूळ खालीच का जातं?

प्राथमिकच्या वर्गाला नुकतंच विज्ञान शिकवायला लागला असाल, तर वसंतात सुरुवात बियांपासून करा. थंडी सरलेली असते, दाणे ३-४ दिवसांत मूळ टाकतात. हिवाळ्यात हेच काम रेंगाळतं आणि लहानग्यांचा धीर सुटतो.

काचेची बरणी, टीपकागद आणि राजम्याचे दाणे, बस्स. बरणी मात्र ज्याची त्याला द्या. चौघांत एक दिली की एकच जण बघतो, बाकीचे त्याचं ऐकून चित्र काढतात. पेरणीच्या बियांना बरेचदा औषध चोळलेलं असतं, म्हणून खायचे दाणे घ्या. तरी कच्चा राजमा विषारी असतो. तोंडात घालायचा नाही, हे आधीच बजावा.

रात्रभर भिजवलेला एकेक दाणा सकाळी सोलायला द्या. साल निघते, दोन जाड दलं उघडतात आणि कडेला घडी घालून बसलेली दोन इवलीशी पानं दिसतात. इथे घाई नको, भिंग सगळ्यांच्या हातून फिरू दे. वर्ग आपोआप शांत होतो. वर्षभरातली माझी सर्वांत आवडती शांतता हीच.

पहिल्या वर्षी मी बरणीत भरपूर पाणी ओतलं. दाणे कुजले, मुलं रडवेली झाली. बियांनाही हवा लागते. पाणी तळाशी बोटभर, दाणे त्याच्या वर, काच आणि ओल्या कागदाच्या मध्ये.

मूळ बोटभर वाढलं की झाकण लावून बरणी आडवी करा. त्याआधी प्रत्येकाने अंदाज लिहायचाच. एका मुलीने लिहिलं, "मूळ पाण्याकडे जाईल." दुसऱ्या दिवशी टोक खाली वळलेलं होतं. मी गुरुत्वाकर्षण सांगायला लागले, तर ती म्हणाली, "बाई, पण पाणीही खालीच आहे ना!" तिचं खरं होतं, प्रयोगच अपुरा होता. मग पाणी ओतून टाकलं, कागद सगळीकडे सारखा ओला केला आणि पुन्हा पाहिलं. मूळ खालीच गेलं.

तेव्हा त्यांना थॉमस नाइट या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. १८०६ साली त्याने पाण्याच्या जोरावर फिरणाऱ्या चाकाला बिया बांधल्या, तर मुळं बाहेरच्या बाजूला वाढली आणि कोंब मध्याकडे. फिरण्याने बाहेर ढकलणारा जोर मुळांसाठी गुरुत्वाकर्षणासारखाच ठरला. मुलं थक्क झाली. आता तीच मुलगी विचारतेय, बरणी रोज थोडी थोडी फिरवली तर? सोमवारपासून फिरवतोय.