नळाला पाणी नसलं तरी हात धुवायची बाटली

जळगाव-धुळ्याकडे रूम करून राहणाऱ्या पोरांचा नेहमीचा घोळ: नळाला रोज पाणी नाही, म्हणून सगळ्यांचे हात एकाच ड्रमात. एकाला जुलाब लागले की पाठोपाठ अख्खी रूम आडवी.

1. दोन लिटरच्या रिकाम्या बाटलीला तळापासून दोन बोटं वर, तापवलेल्या दाभणाने एकच भोक पाडा.
2. भरून झाकण घट्ट लावा, धार थांबते. सैल केलं की सुरू. संडासाबाहेर टांगा.
3. साबण कांद्याच्या जाळीत शेजारीच लटकवा. म्हणजे डबीतल्या पाण्यात पडून होतो तसा त्याचा लगदा होत नाही.

20 सेकंद चोळा, नखांतही. भरीत-पुरी त्याच बोटांनी खायचीय! झाकणावरही फेसाचा हात फिरवा, ते घाण हातानेच उघडलेलं असतं.

फक्त पुसायला सगळ्यांचा मिळून एक टॉवेल नको.